कर्ज तिच्या नावावर, खातं तिच्या नावावर, आणि तिलाच पत्ता नाही: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मंगलताई (नाव बदललंय, गावही सांगत नाही, मराठवाड्यातला एक तालुका एवढं पुरे) घरी शिलाईकाम करतात. ब्लाऊज, पिको-फॉल असं वर्षभर चालू असतं, पण खरी कमाई जूनच्या तोंडावर शाळेच्या युनिफॉर्मची. जनधन खातं आहे, बचत गटात जुन्या मेंबर आहेत, गटाचा हप्ता कधी चुकलेला नाही. थोडक्यात आर्थिक समावेशनाच्या सरकारी अहवालात जो फोटो छापतात ना, तशा बाई.

२०२४ च्या सुरुवातीला आठवडी बाजारात एक माणूस टेबल मांडून बसायचा, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन, मागे फ्लेक्स, "मोफत शिलाई मशीन योजना". दोनशे रुपये फी. त्याने आधार घेतलं, पॅन घेतलं, फोटो काढला, मोबाईलवर आलेला ओटीपी विचारून घेतला आणि अंगठा लावायला सांगितला. "नीट उमटला नाही ताई, परत लावा" असं म्हणत तीनदा लावून घेतला. ही ट्रिक जुनीच आहे, स्क्रीन त्याच्याकडे तोंड करून असते त्यामुळे कुठला अंगठा कशाला लागला हे समोरच्याला कळायला मार्गच नसतो. मशीन काही आलं नाही, माणूसही पुढच्या दोन-तीन बाजारांनंतर दिसेनासा झाला आणि दोनशे रुपये गेले म्हणून लोकांनी विषय सोडून दिला.

पुढे ताईंनी खरोखरच्या पीएम विश्वकर्मा योजनेत नीट नोंदणी केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शिंपीकाम बसतं, प्रशिक्षण झालं की विनातारण कर्ज मिळतं, पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत आणि ५ टक्के व्याजाने. प्रशिक्षण पूर्ण झालं, प्रमाणपत्र आलं. ओव्हरलॉक मशीन जूनच्या आधी घ्यायचं असा हिशोब होता.

अडचण कुठे आली

२०२५ च्या जानेवारीत शाखेतून उत्तर आलं की सिबिल (कर्जफेडीची नोंद) खराब आहे, कर्ज होणार नाही. ताईंना वाटलं गटातल्या दुसऱ्या कुणाचं थकलं असेल. तसं काही नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या नावावर एका एनबीएफसीचं (बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीचं) ॲपवरून घेतलेलं १५ हजारांचं कर्ज होतं, एकही हप्ता न भरलेलं, व्याज-दंड धरून वीस हजारांच्या वर गेलेलं आणि राइट-ऑफ, म्हणजे वसूल होणार नाही म्हणून बाजूला टाकलेलं, असं दाखवलेलं.

ताईंच्या फोनमध्ये लोन ॲप कधी नव्हतंच. वसुलीचा फोन नाही, मेसेज नाही, दारात कुणी आलं नाही. मी आमच्या महिला मंडळात बँकेच्या कागदपत्रांचं बघते म्हणून त्या रिपोर्ट घेऊन आल्या. वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांकडून, म्हणजे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, बोलताना आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो ते सोडा. त्या रिपोर्टमध्ये ताईंच्या नावापुढे दोन मोबाईल नंबर होते. एक त्यांचा, दुसरा कुणाचा ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

एनबीएफसीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. उत्तर आलं आणि ते वाचून आम्ही गार पडलो. केवायसी (ओळखीची पडताळणी) आधार ओटीपीने झालीय, करार ओटीपीने सही झालाय, आणि रक्कम "आपल्याच नावावरच्या" एका पेमेंट्स बँकेच्या (छोट्या ठेवी घेणारी, पण कर्ज न देणारी बँक) खात्यात जमा केलीय, सबब तक्रार बंद. ताईंचं असं कुठलं खातं आहे हेच ताईंना त्या मेलमधून कळलं.

इथे जरा थांबून नियम सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे. २ सप्टेंबर २०२२ ला आरबीआयने डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याआधी लोन ॲपवाल्यांचा धुमाकूळ होता, आरबीआयच्याच कार्यगटाला २०२१ मध्ये सुमारे ११०० कर्ज ॲप सापडले होते आणि त्यातले ६०० बेकायदा होते. पैसे कुठल्यातरी तिसऱ्याच खात्यातून फिरायचे. म्हणून नियम आला की कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या स्वतःच्या बँक खात्यातच गेली पाहिजे, मधे कुणाचं पूल अकाउंट (अनेकांचे पैसे एकत्र फिरवणारं खातं) नको. शिवाय की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यायचं, त्यात वर्षाचा एकूण खर्च टक्क्यात सांगायचा, विचार बदलला तर दंड न भरता कर्ज परत करायला मुदत द्यायची, कराराचे कागद मेल किंवा एसएमएसवर पाठवायचे, फोनमधल्या कॉन्टॅक्ट-फोटोंना हात लावायचा नाही. उत्तम नियम आहेत, मी त्यांच्या बाजूचीच आहे.

पण ताईंच्या प्रकरणात यातला जवळजवळ प्रत्येक नियम कागदावर पाळला गेला होता. रक्कम त्यांच्याच नावावरच्या खात्यात गेली. की फॅक्ट स्टेटमेंट गेलं. परत करण्याच्या मुदतीची सूचना गेली. वसुलीचे मेसेजही गेले. सगळं त्या दुसऱ्या नंबरवर. नावावर असलेलं खातं म्हणजे हातात असलेलं खातं असं नियमाने गृहीत धरलंय, आणि जिथे अंगठा लावून काही मिनिटांत खातं उघडतं, सिम निघतं, तिथे हे गृहीतकच ढासळतं. फसवणूक रोखायला आणलेली अट फसवल्या गेलेल्या बाईच्याच विरोधात पुरावा म्हणून उभी राहिली.

समोर कोणते रस्ते होते

पहिला रस्ता घरच्यांचा आणि खरं तर शाखेतल्या साहेबांचाही: भरून टाका. कंपनी सेटलमेंटमध्ये आठ-दहा हजारांवर तयार होईल, एनओसी आणा, मोकळे व्हा. ताईंचे मिस्टर तर म्हणाले उसने आणतो पण हे कोर्टकचेरीसारखं नको. हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता हे लक्षात घ्या, जून जवळ येत होता आणि एका सीझनची कमाई त्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त. पण दोन अडचणी होत्या. सेटल केलेलं कर्ज रिपोर्टवर "सेटल्ड" म्हणूनच राहतं, वर्षानुवर्षं, आणि बँका त्याकडे पूर्ण फेडलेल्या कर्जासारखं बघत नाहीत. आणि भरलं म्हणजे कर्ज आपलंच होतं हे मान्य केल्यासारखं, नंतर कोणत्या तोंडाने तक्रार करणार.

दुसरा, क्रेडिट कंपनीकडे डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार. तिसरा, पोलीस आणि सायबर पोर्टल. चौथा, बँका आणि वित्त कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींसाठीची आरबीआयची लोकपाल योजना, २०२१ ची एकत्रित योजना जी तेव्हा लागू होती.

आणि डेटा संरक्षण कायदा? सगळे आधी तेच विचारतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला खरा, पण २०२५ च्या जानेवारीत त्याचे नियमच आले नव्हते, ते आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि त्यातही मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची सवलत. म्हणजे जायचं तर कुठे, दारच नव्हतं. बरं दार असतं तरी त्या कायद्यात २५० कोटींपर्यंतचा दंड आहे तो सरकारजमा होतो, ज्याचा डेटा गेला त्याला भरपाई द्यायची तरतूद नाही, उलट आयटी कायद्यातलं भरपाईचं ४३ए कलम वगळायची तरतूद आहे. यावर कुणी बोलत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

काय केलं

सुरुवात डिस्प्यूटने केली, कारण तो ऑनलाइन होतो आणि पैसे लागत नाहीत. एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेला माहिती तपासून पाठवायला. ऐकायला झकास. प्रत्यक्षात काय झालं, क्रेडिट कंपनीने एनबीएफसीला विचारलं, एनबीएफसीने "माहिती बरोबर आहे" असं कळवलं, आणि मुदतीच्या आतच डिस्प्यूट बंद. क्रेडिट कंपनी कर्ज देणाऱ्याच्या होकाराशिवाय नोंद बदलत नाही. भरपाईचं घड्याळ उशिरावर चालतं, उत्तर चूक की बरोबर याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे झटपट दिलेलं चुकीचं उत्तर संस्थेला सगळ्यात स्वस्त पडतं.

यानंतरचा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ताईंचा सूर होता की ते पेमेंट्स बँकेचं खातं माझं नाहीच, असंच सगळीकडे लिहायचं. साहजिक आहे. पण आमच्यात बरीच चर्चा झाली आणि ठरलं उलटं. खातं तुमच्या नावावर आहे असं जर सगळे म्हणतायत तर ठीक आहे, मग खातेदार म्हणून त्याचं स्टेटमेंट मागायचा हक्कही तुमचाच. "माझं नाही" म्हटलं असतं तर बँकेने गोपनीयता पुढे करून एक कागद दिला नसता. म्हणून पेमेंट्स बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला लिहिलं की माझ्या नावावरच्या खात्याचं सुरुवातीपासूनचं स्टेटमेंट द्या, खाते उघडल्याची तारीख आणि नोंदवलेला मोबाईल नंबर कळवा, हे खातं माझ्या नकळत उघडलेलं आहे. ओळख पटवायला अधिकृत ठिकाणी जाऊन ताईंनी अंगठा दिला (या वेळी स्क्रीन आपल्याकडे वळवून). स्टेटमेंट मिळालं, कुठल्या एजंटने खातं उघडलं ते मात्र फक्त पोलिसांना देऊ म्हणाले.

स्टेटमेंटमध्ये सगळे मिळून मोजकेच व्यवहार. प्रोसेसिंग फी कापून कर्ज जमा, त्याच दिवशी दोन ट्रान्सफरमध्ये सगळं बाहेर, नंतर खातं मेल्यासारखं पडून. आणि खातं उघडल्याची तारीख कुठली तर बाजारातल्या त्या फॉर्मच्या दिवसाची.

मग दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ताईंच्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं. दोन. पोर्टलवर पूर्ण नंबर दिसत नाही पण दिसणारे आकडे रिपोर्टमधल्या अनोळखी नंबरशी जुळले. तिथे "हा माझा नंबर नाही" असं बटण असतं आणि ते दाबायला सगळ्यांचे हात शिवशिवत होते. आम्ही थांबलो. नंबर बंद झाला तर झाला, पण आधी त्याचे स्क्रीनशॉट आणि पोलिसांकडे लेखी नोंद हवी. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, प्रत घेऊन ठाण्यात गेलो, आणि पोचपावती हातात आल्यावरच नंबर नाकारला. ठाण्यात पहिल्यांदा "कर्जाचं प्रकरण दिवाणी असतं" हे ऐकावं लागलंच. आयटी कायद्याचं ६६सी, म्हणजे ओळखचोरी, हे कलम अर्जात ठळक लिहिलेलं होतं म्हणून दुसऱ्या फेरीत अर्ज घेतला गेला.

अजून एक पेच म्हणजे ओटीपी. ताईंनी ओटीपी स्वतः सांगितला होता. तक्रारीत हे लिहायचं की नाही? ओळखीतल्या एका निवृत्त बँकवाल्यांचं मत पडलं, लिहू नका, ओटीपी दिला म्हटलं की ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणून फाइल बंद करतात. अनधिकृत व्यवहारांबद्दलच्या आरबीआयच्या २०१७ च्या परिपत्रकात तसा सूर आहेच. पण एनबीएफसीच्या सर्व्हरवर ओटीपीची नोंद आहे, आपण लपवलं आणि त्यांनी ती दाखवली तर बाकीचं सगळं खोटं ठरणार. म्हणून लिहिलं, आणि लिहिताना एक प्रश्नही विचारला: केवायसीचा ओटीपी कोणत्या नंबरवर गेला आणि कराराच्या सहीचा कोणत्या?

इथे गाठ सुटली. केवायसीचा ओटीपी ताईंच्या खऱ्या, आधारला जोडलेल्या नंबरवर गेला होता. कराराच्या सहीचा गेला होता त्याच दिवशी सुरू झालेल्या नव्या सिमवर. म्हणजे ताईंनी "योजनेसाठी" म्हणून एक ओटीपी दिला, तो केवायसीला वापरला गेला, आणि कर्जाला संमती मात्र दुसऱ्याच फोनवरून दिली गेली. एकाच अर्जात एकाच दिवशी नंबर बदलतो, खातं त्या दिवशीचं, आणि तरी कुठे लाल दिवा लागला नाही. केवायसीचा फोटोही मागवला होता, तो सेल्फी नव्हताच, ताई कॅमेऱ्याकडे बघतही नव्हत्या, कुणीतरी समोरून काढलेला फोटो होता तो सरळ दिसत होतं.

या सगळ्याची जुळणी करून मे महिन्यात लोकपालांकडे आरबीआयच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवरून तक्रार केली. त्याबद्दल चार गोष्टी सांगायला हव्यात कारण लोक इथेच अडतात. आधी संस्थेकडे लेखी तक्रार करावी लागते, आणि त्यांनी नाकारली किंवा ३० दिवस उत्तर दिलं नाही तरच लोकपाल घेतात, मग २०२१ च्या त्या योजनेत वर्षभराची मुदत होती. वकिलामार्फत करता येत नाही, पण वकील नसलेला अधिकृत प्रतिनिधी चालतो, म्हणून माझ्या नावाचं अधिकारपत्र जोडलं. पोलीस तक्रार चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत असं आम्हाला दोघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, ते चूक आहे, कोर्टात किंवा ग्राहक आयोगात तेच प्रकरण असेल तर अडतं, पोलीस तपास त्यात धरत नाहीत. आणि सगळ्या एनबीएफसी या योजनेत येत नाहीत, ग्राहकांशी थेट व्यवहार करणारी असली तरी ठेवी न घेणारी आणि १०० कोटींपेक्षा कमी मालमत्तेची असेल तर आरबीआयच्या ग्राहक शिक्षण आणि संरक्षण कक्षाकडे जावं लागतं. आमची मोठी होती, सुदैव म्हणा.

निकाल

ऑगस्टमध्ये लोकपाल कार्यालयाच्या समेटाच्या टप्प्यावर एनबीएफसीने माघार घेतली. कर्ज रद्द, नोंद चारही क्रेडिट कंपन्यांकडून काढायची, आणि त्रासापोटी एक छोटी रक्कम. शेवटचा निर्णय तेव्हा घ्यावा लागला. त्या योजनेत मानसिक त्रासासाठी १ लाखापर्यंत भरपाई मागता येत होती, ताईंचा अख्खा युनिफॉर्मचा सीझन गेला होता, भांडून निवाडा मागायला जागा होती. पण समेट स्वीकारला की प्रकरण तिथेच संपतं आणि भांडायचं तर नोंद तोवर तशीच. ताईंनी समेट घेतला. मला मनातून पटलं नव्हतं पण नुकसान त्यांचं, निर्णयही त्यांचाच.

नोंद काढली गेली, पण तीन कंपन्यांकडून. चौथीकडे तशीच राहिली होती आणि बँक नेमकी तिथूनच रिपोर्ट काढायची. पुन्हा डिस्प्यूट, या वेळी समेटाचं पत्र जोडून, आणि तो मात्र पटकन सुटला. विश्वकर्माचं कर्ज दिवाळीच्या आधी मंजूर झालं.

बाजारातला तो माणूस सापडलेला नाही. त्याच टेबलावर फॉर्म भरलेल्या गटातल्या बाकी बायकांचे रिपोर्ट आम्ही काढले, त्यात अजून दोघींच्या नावावर अशीच नोंद निघाली. दोघींना कुठल्या बँकेने नाकारलंच नव्हतं कारण त्यांनी कर्ज मागितलंच नव्हतं, म्हणून कळलंही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. डिस्प्यूट, एनबीएफसीला पत्र, सायबर तक्रार आणि पेमेंट्स बँकेला स्टेटमेंटची मागणी हे चारही एकाच आठवड्यात सुरू करायला हवं, एकाचं उत्तर येईपर्यंत दुसरं थांबवण्यात अर्थ नाही. आमचे फेब्रुवारी-मार्च तसेच गेले. आणि एनबीएफसीला पहिल्याच पत्रात "कर्ज माझं नाही" एवढंच न लिहिता ओटीपीचे नंबर, केवायसीचा फोटो आणि कराराची प्रत मागायची, म्हणजे त्यांना छापील उत्तर देऊन फाइल बंद करता येत नाही.

आधारचा वापर कुठे झाला याची यादी यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) साइटवर मिळते पण फक्त मागच्या सहा महिन्यांची. ताईंना वर्षाने कळलं म्हणून तो पुरावा गेलेला होता. संशय आला त्याच दिवशी ती यादी काढून ठेवावी आणि बायोमेट्रिक लॉक करावं, लागेल तेव्हा उघडता येतं.

संस्थांच्या बाजूने बघितलं तर एक साधी तपासणी पुरली असती: केवायसीचा नंबर आणि सहीचा नंबर वेगळा असेल, किंवा पैसे जाणारं खातं काही दिवसांपूर्वीच उघडलेलं असेल, तर आधारला जोडलेल्या नंबरवर एक फोन. यामुळे छोट्या कर्जांचा खर्च वाढेल आणि खऱ्या गरजूंना उशीर होईल असं कंपन्या म्हणतात, आणि त्यात अजिबात तथ्य नाही असं नाही, १५ हजारांच्या कर्जात नफा तो किती. पण आता तो खर्च वाचतोय तो कुणाच्या खिशातून वाचतोय हेही बघा. मे २०२५ मध्ये आरबीआयने डिजिटल कर्जाचे सगळे नियम एकत्र करून नवे निर्देश काढले आणि जुलैपासून नियमनातल्या संस्थांच्या ॲपची यादीही वेबसाइटवर येऊ लागली, चांगलंच आहे. मात्र ताईंच्या कर्जातली एनबीएफसी नोंदणीकृत होती, ॲपही कायदेशीर होतं, त्या यादीत बघून त्यांना काही कळलं नसतं.

आमच्या गटात आता दर जानेवारीत सगळ्यांचे फुकटचे रिपोर्ट एकत्र बसून काढतो, कर्ज हवं असो वा नसो, आणि रिपोर्ट हातात आला की रकमेच्या आधी मोबाईल नंबरचा रकाना वाचतो.